चाळीस मिनिटांची नोंद

“सरळ वर घ्या. सरळ! तिरकं झालं तर कडेच्या विटा घासतील,” प्रमुख म्हणाले.

दोघांनी दोन बाजूंनी झाकण उचललं. खोलीत आठ माणसं होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे अंगरखे चढवल्यामुळे सगळ्यांचे नुसते डोळे दिसत होते. टेबलावरचं तबक सात वर्षांपूर्वी पृथ्वीवरून गेलं होतं, एका धूमकेतूच्या अगदी जवळून, त्याच्या धुरळ्यातून पार होऊन आलं होतं आणि चार दिवसांपूर्वी हवाई छत्रीला लटकत एका ओसाड माळावर उतरलं होतं. आत काय आहे, मुळात काही आहे की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

जेलीबाई टेबलापासून दोन पावलं मागे, भिंतीला टेकून उभ्या होत्या. तबकातली वीट न् वीट त्यांच्या हातची होती. ज्या क्षणासाठी अठ्ठावीस वर्षं खपल्या तो क्षण समोर होता, आणि त्यांना मात्र कुणीतरी हाक मारून आपल्याला बाहेर बोलवावं असं वाटत होतं.

एक तरुण मुलगी भिंग घेऊन तबकावर वाकली. तिला सगळे ‘सुई’ म्हणत. केसापेक्षा बारीक काचेच्या सुईनं धुळीचा एकेक कण उचलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक वीट झाली की ती पुढच्या विटेवर सरकत होती.

“अगं, बोल की!” प्रमुखांचा धीर सुटला.

“आहे,” ती म्हणाली. मग तिचा आवाज चिरकला. “आहे! इथे आहे. इथेपण आहे. अहो, भरलंय सगळं!”

हातमोज्यांतल्या टाळ्या उशा बडवल्यासारख्या वाजल्या. कुणीतरी जेलीबाईंना पुढे ओढलं, भिंग त्यांच्या हातात दिलं. धुरासारख्या निळसर, आरपार दिसणाऱ्या विटांमध्ये कण घुसल्याच्या खुणा होत्या. वर रुंद, खाली निमुळत्या होत गेलेल्या, गाजरासारख्या. प्रत्येक गाजराच्या टोकाशी एक काळा ठिपका. पृथ्वीही जन्माला आली नव्हती तेव्हाची ती धूळ, आणि ती त्यांच्या विटेत येऊन गुपचूप बसली होती. बाईंचे डोळे नकळत उजव्या कोपऱ्याकडे सरकले. एकोणनव्वद ते नव्व्याण्णव. अकरा विटा. सगळ्यांत मोठं गाजर नेमकं तिथेच होतं, ब्याण्णव नंबरात.

“बाई, रडताय की हसताय?” प्रमुखांनी विचारलं.

“दोन्ही,” जेलीबाई म्हणाल्या. भिंग त्यांनी लगेच सुईला परत दिलं.

*

जेलीबाई हे नाव त्यांना प्रयोगशाळेत आल्याच्या दुसऱ्याच वर्षी चिकटलं. धूमकेतूची धूळ बंदुकीच्या गोळीच्या सहापट वेगानं येते. पत्र्यावर आदळली तर तिची वाफ होते आणि आपल्या हाती उरतो तो खड्डा. तिला अलगद थांबवायचं तर समोर असं काही हवं की जे आहे म्हणावं तर नाही आणि नाही म्हणावं तर आहे. बाईंनी वाळूत असतो त्याच पदार्थाची जेली बनवायला घेतली. तिच्यातला द्रव इतक्या बेतानं काढून घ्यायचा की आतला सांगाडा जागच्या जागी उभा राहावा. मग जी वीट उरायची तिच्यातले शंभरात नव्व्याण्णव भाग निव्वळ पोकळी. डोळे मिटून हातावर ठेवली तर हात रिकामाच वाटायचा.

सांगायला सोपं होतं. पहिली चार वर्षं एकूण एक वीट वाळताना तडकली. बाईंचे यजमान एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका वेचण्यात त्यांचा जन्म गेला. संध्याकाळी बाई घरी आल्या की ते विचारायचे, “आज किती गेल्या?”

“सगळ्या.”

“चला, म्हणजे उद्या यापेक्षा जास्त जायची भीती नाही.”

विटा टिकायला लागल्या तर त्या धूळ अडवेनात. लांब नळीच्या वायुतोफेतून वाळूचे कण विटांवर मारून बघायचे. कण कधी आरपार निघून जायचे, कधी पहिल्याच थरात फुटून त्यांचा भुगा व्हायचा. एकदा बसमधून घरी जाताना बाईंच्या लक्षात आलं की चांगला ड्रायव्हर ब्रेक एकदम दाबत नाही. आधी नुसता पाय टेकवतो, मग वाढवत नेतो. वीट वरून विरळ आणि आत जावं तसतशी दाट केली तर? त्या विचाराच्या नादात उतरायचा थांबा मागे पडला आणि त्या तीन थांबे पुढे जाऊन पायी परत आल्या. तो विचार विटेत उतरवायला पुढची नऊ वर्षं गेली. घरात मूलबाळ नव्हतं. लोक विटांनाच त्यांची मुलं म्हणायचे. बाईंना ते आवडायचं नाही, पण तसं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

तयार झालेली वीट भट्टीत भाजावी लागे. पोकळीच ती, जिथे ठेवाल तिथला वास पिऊन घेणार. म्हणून शुद्ध, कोरड्या वायूच्या झोतात तीन दिवस भाजून, त्याच वायूत निववून तिला कोरी करायची. एका खेपेला बारा विटा. अकरा तबकात जायच्या आणि एक जमिनीवर राहायची. तिला साक्षवीट म्हणत. पुढे कधी शंका आली तर ताडून बघायला.

भट्टी सांभाळायचे भट्टीकाका. शिकलेले बेताचे, पण कान असे तयार की वायूच्या सुस्काऱ्यावरून नळकांड्यात किती उरलंय ते सांगायचे. भट्टीच्या वहीत लिहायचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. वही शास्त्रज्ञांची.

यान सुटायच्या आधी तबक सोपवायला पंधरा दिवस उरले असताना नवव्या खेपेच्या विटा भट्टीत निवत होत्या. सकाळी वायूचं नळकांडं संपलं. काका दुसरं जोडायला गेले तर झडप अडकली. ती सुटेपर्यंत भट्टीनं बाहेरची हवा ओढली. नेमके त्याच सकाळी सफाईवाले बाहेरच्या पॅसेजमधल्या फरशीचं जुनं पॉलिश खरवडून काढत होते, आणि त्यांच्या औषधाचा नाकात झोंबणारा वास मजलाभर पसरला होता.

काका घाम पुसत बाईंकडे आले. “बाई, चाळीस मिनिटं गेली. बाहेरची हवा शिरली आत. वहीत लिहायला पाहिजे.”

“मी लिहिते.”

“नक्की ना? का वरच्या साहेबांना मी जाऊन—”

“लिहिते म्हटलं ना, काका.”

त्यांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं. लिहिलं की अकरा विटा बाद. चांगल्या जादा विटा होत्या तीन. नवी खेप तयार व्हायला एकोणीस दिवस. तबकात भोकं ठेवून कुणी ते उडवणार नव्हतं, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेवाले आपले धातूचे पत्रे घेऊन त्या जागेसाठी टपून बसलेच होते. धूमकेतू काही कुणासाठी थांबत नाही. बाईंनी विटा पुन्हा दोन तास शुद्ध वायूत तापवल्या. मग कुठलाही शास्त्रज्ञ करणार नाही ते केलं. एक वीट नाकाशी नेऊन हुंगली. वास नव्हता. त्यांनी लिहिलं: ‘खेप नऊ. तीन दिवस. विशेष काही नाही.’ खाली सही केली.

नंतरची सात वर्षं त्यांनी मनाची समजूत घालण्यात काढली. अंतराळात नुसती पोकळी, काय असेल नसेल ते उडून जाईल. पण खाई त्याला खवखवे. कुठेही फरशी धुताना तो वास आला की त्या तिथून निघून जायच्या. यजमानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा दवाखान्याची फरशी पुसायला काढली, तर बाई दोन तास बाहेर जिन्यात बसून राहिल्या. यजमानांना वाटलं, बायको आपल्या काळजीनं आत थांबू शकली नाही.

*

तबक उघडल्याला दोन महिने झाले होते. दुपारी उपाहारगृहात बाई एकट्याच चहा घेत बसल्या होत्या. सुई जवळजवळ धावतच आली आणि समोरच्या खुर्चीत कोसळली.

“बाई, सापडला!”

“काय सापडलं?”

तिनं एका नत्रयुक्त रेणूचं नाव सांगितलं. सजीवांच्या शरीरात जे लागतं त्याचा कच्चा माल. जीवसृष्टीचं सामान धूमकेतूंनी पृथ्वीवर आणून टाकलं असावं असं कित्येक वर्षं बोललं जात होतं; हातात पुरावा कुणाच्या नव्हता.

“कुठल्या विटेत?”

“ब्याण्णव. आणि चौऱ्याण्णवमध्येपण! थोडाथोडका नाही, भरपूर.”

“साक्षवीट तपासलीस?”

“तपासली तर! तिसऱ्या खेपेची. कोरी करकरीत.”

“तिसऱ्या.”

“सगळ्या खेपा सारख्याच भाजल्यात ना? मी भट्टीची वही पूर्ण वाचली. सगळीकडे ‘विशेष काही नाही’.” सुईनं बाईंच्याच कपातला एक घोट घेतला, इतकी ती भानावर नव्हती. “प्रमुख शुक्रवारी जाहीर करणार आहेत. मी आईला फोन केला. ती म्हणाली, म्हणजे तुला नक्की सापडलं तरी काय? मी म्हटलं, आई, आपण सापडलो.”

बाईंनी चमचा बशीत ठेवला. तीन वर्षं ही मुलगी इथे हंगामी नोकरीवर होती. या शोधावर तिची जागा कायम होणार, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं.

“बाई, तुम्हाला आनंद नाही झाला?”

“झाला गं,” बाई म्हणाल्या आणि उठून गेल्या. चहा तसाच राहिला.

त्या दिवशी सोमवार होता. मंगळवारी बाईंनी नवव्या खेपेच्या साक्षविटेचं कपाट दोनदा उघडलं आणि दोनदा बंद केलं. गुपचूप तपासावी का? कोरी निघाली तर प्रश्नच मिटला. पण कपाटातून वीट काढायची तर वहीत कारण लिहावं लागणार. आणि न लिहिता काढली तर ती दुसरी चोरी. बुधवारी सकाळपासून त्यांना काही खाववेना. प्रमुखांच्या खोलीवरून त्या चार वेळा गेल्या. आतून हसण्याचा, फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी भाषणात त्यांचंही नाव घ्यायचं म्हणून त्यांच्या वयाची, पदव्यांची माहिती विचारायला आलं. त्यांनी जन्मसाल चुकीचं सांगितलं आणि मग मागे धावत जाऊन दुरुस्त केलं.

संध्याकाळी यजमान खिडकीशी बसून लाल पेन्सिलीनं वर्तमानपत्रातल्या चुका काढत होते. निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नव्हती.

“अहो, पुस्तक बाजारात गेल्यावर चूक लक्षात आली तर काय करायचात तुम्ही?”

“शुद्धिपत्र. छोटी चिठ्ठी छापायची. पान अमुक, ओळ तमुक, याऐवजी असे वाचावे.”

“आणि ज्याच्या हातून चूक झाली तो?”

“तो बसून एकेका प्रतीत चिठ्ठी चिकटवतो. एकदा मी चिकटवल्यात, दोन हजार. डिंकानं बोटांची सालं निघाली होती.” मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय झालंय?”

बाईंनी सांगितलं. झडप, पॅसेजमधलं औषध, वहीतली ओळ, सगळं. बोलताना त्या पदराचं टोक गुंडाळत आणि उलगडत होत्या. यजमानांनी मधे एकदाही अडवलं नाही.

“सात वर्षं,” शेवटी ते म्हणाले. “सात वर्षं तू हे घेऊन या घरात वावरलीस. मला सांगायचंस तरी.”

“तुम्ही म्हणाला असतात, लिही.”

“म्हणालो असतो.”

“म्हणून नाही सांगितलं.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांना चुकीपेक्षा न सांगणंच जास्त लागलं होतं, हे बाईंना कळत होतं. मग यजमान उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथूनच म्हणाले, “उद्या मी येऊ का तुझ्याबरोबर? दारापर्यंत?”

“नको. मी जाईन.”

*

गुरुवारी सकाळी प्रमुखांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी उठून दार लावलं. कधीकाळी ते बाईंचेच विद्यार्थी होते. चारचौघांत बाई त्यांना अहोजाहो करायच्या, एकट्यात अरेतुरे.

“बाई, उद्या पत्रकार येतायत.”

“माहितेय रे.”

“माहितेय, आणि आज सांगताय!” त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग खुर्ची ओढून बाईंच्या अगदी जवळ बसले आणि आवाज खाली आणला. “ऐका. साक्षवीट तपासू. त्याला इलाज नाही. पण वाईट निघालं तर… भट्टीवर काकाच होते ना? ते निवृत्त होऊन चार वर्षं झाली. हवा शिरल्याचं त्यांनी तुम्हाला कळवलंच नाही, तुम्हाला आत्ता कळलं, असं म्हटलं तर त्यांचं काय वाकडं होणार आहे? तुमची अठ्ठावीस वर्षं मात्र वाचतील.”

क्षणभर, अगदी क्षणभरच, त्या वाटेनं बाईंचं मन धावत गेलं. सोपं होतं. काकांना कुणी विचारायलाही गेलं नसतं. मग त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

“त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “दोनदा. मी लिहिते म्हटलं आणि लिहिलं नाही. हे असंच्या असं लिहून घे. आणि त्या मुलीला बोलाव. तिला माझ्याकडून कळू दे.”

सुई आली ती हसतच आली. उद्या घालायचे कपडे तिनं इस्त्रीला दिले होते, ते आणायला जायचं होतं. बाई सांगत गेल्या तसतसा तिचा चेहरा कोरा होत गेला. तिनं फक्त एक प्रश्न विचारला.

“सोमवारी तुम्ही मला विचारलंत, साक्षवीट तपासलीस का. तेव्हाच माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“तीन दिवस मी लोकांना सांगत सुटले. आईनं अख्ख्या गल्लीला सांगितलं.” “मी तुमच्या वहीवर विश्वास ठेवला, बाई. वहीवर नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?”

सुई उठली आणि दार न लावताच निघून गेली.

शुक्रवारचा कार्यक्रम ‘तांत्रिक कारणामुळे’ पुढे ढकलला गेला. बाईंनी कपाटाच्या वहीत आजची तारीख घालून, साक्षवीट बाहेर काढण्याचं कारण पाच ओळींत लिहिलं. तपासणी त्यांनी करायची नाही, हे उघड होतं. सुईनं स्वतः मागून घेतली. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत बाई रोज वेळेवर आल्या, आपल्या खोलीत बसल्या आणि रिकाम्या टेबलाकडे बघत राहिल्या. उपाहारगृहात त्या गेल्या की शेजारच्या टेबलावरचं बोलणं बंद पडायचं. एखाद्या वेळी त्यांना आशाही वाटायची: कदाचित वीट कोरी निघेल आणि सुई पुन्हा तशीच धावत येईल. मग त्या आशेचीच भीती वाटायची.

दहाव्या दिवशी सुई दारात उभी राहिली. आत आली नाही.

“तोच रेणू,” ती म्हणाली. “ब्याण्णवमध्ये आहे त्याच प्रमाणात. पॉलिश काढायच्या औषधाचा जुना डबा भांडारात मिळाला, त्याच्याशी ताडून पाहिलं. तेच आहे.”

“बाकीच्या विटा?”

“बाकीच्या अकरा खेपांच्या एकशे एकवीस विटा स्वच्छ आहेत. खनिजांचं काम सगळं खरं धरता येईल. प्रचंड उष्णतेत तयार झालेले कण बर्फाळ धूमकेतूत कसे आले, हा मोठा प्रश्न निघालाय त्यातून, खूप मोठा. तुमची वीट चांगली आहे, बाई.” हे तिनं अहवाल वाचावा तसं सांगितलं. “रेणू मात्र मला पहिल्यापासून शोधावा लागेल. एकशे एकवीसमध्ये. मिळेल की नाही, माहीत नाही.”

“मी काही मदत—”

“नको,” सुई म्हणाली. मग जाता जाता थांबली. “आत्ता नको.”

*

चौकशी समितीत तिघे होते. बाईंना नमुन्यांच्या खोलीची किल्ली परत करावी लागली, आणि निवृत्तीला उरलेली दोन वर्षं त्या ग्रंथालयाशेजारच्या खोलीत जुन्या प्रयोगांची टिपणं लावत बसणार, असं ठरलं. बाईंनी ते निमूटपणे ऐकलं. समितीचं एकच काम राहिलं होतं. भट्टीचालकाचा जबाब हवा होता. प्रयोगशाळेनं त्यांना शिक्क्याचं पत्र धाडलं, आणि आठवडा उलटला तरी उत्तर आलं नाही.

“मी जाते,” बाई म्हणाल्या.

काकांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार काकूंनी उघडलं आणि बाईंना बघताच त्यांचा चेहरा पडला. “आत बसलेत. पत्र आल्यापासून धड जेवत नाहीत. तीस वर्षांत एक पत्र नाही आलं हो त्यांना हापिसातून. आलं ते हे.”

काका गॅलरीत स्टुलावर बसून एका खुर्चीची वेताची बैठक विणत होते. बाईंना पाहून ते उठले नाहीत. वेताची पट्टी त्यांनी तशीच हातात धरून ठेवली.

“बाई, मी काय केलं?” त्यांनी विचारलं. “झडपेचं तर मी तेव्हाच सांगितलं होतं. आठवत नसेल तुम्हाला, पण मी सांगितलं होतं. देवाशपथ.”

“आठवतं, काका. सगळं आठवतं. तुम्ही सांगितलं होतं. मीच लिहिलं नव्हतं.”

काकांना ते एकदम उमजलं नाही. ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

“म्हणजे वहीत नव्हतंच?”

“नव्हतं.”

“तुम्ही लिहिते म्हणालात.”

“म्हणाले.”

खालून शाळा सुटल्याचा गलका वर आला आणि विरला. काकूंनी पाण्याचा पेला आणला, तो बाईंनी एका दमात रिकामा केला. बसा, असं मात्र काका म्हणाले नाहीत, आणि बाईही बसल्या नाहीत.

“मी चार लोकांत सांगतो,” काका सावकाश म्हणाले, “की आमच्याकडे टाचणी पडली तरी वहीत लिहायचे. नातवंडांना सांगतो. या जिन्यातल्या सगळ्यांना सांगून झालंय.” त्यांनी हातातली वेताची पट्टी खाली ठेवली. “आणि तुम्ही असं केलंत होय.”

बाईंनी मान खाली घातली. इथवर येताना जिन्यात त्यांनी चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि वाचून दाखवला. नवव्या खेपेच्या दिवशी झडप अडकून भट्टीत चाळीस मिनिटं बाहेरची हवा शिरली. भट्टीचालकानं ही गोष्ट त्याच वेळी संबंधित शास्त्रज्ञाला स्वतः जाऊन दोनदा कळवली आणि नोंद करण्याचा आग्रह धरला. नोंद न करण्याची जबाबदारी सर्वस्वी शास्त्रज्ञाची आहे. खाली बाईंची सही होती आणि तिच्याशेजारी मोकळी जागा.

“तुम्हाला पटलं तरच सही करा,” बाई म्हणाल्या. “काही बदलायचं असेल तर सांगा, मी पुन्हा लिहून आणते.”

काकांनी कागद घेतला. लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला. ओठ हलत होते. मग ते आत निघून गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंना वाटलं, आता ते बाहेर येणार नाहीत. काकूच येऊन कागद परत देतील आणि दार लावून घेतील.

काका आले ते हात धुऊन, धुतलेला सदरा घालून, वरचं बटण लावून. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन दोनदा चालवून पाहिलं. मग कागद टेबलावर सरळ करून, डाव्या हातानं दाबून धरून, त्यांनी स्वतःचं आणि वडिलांचं नाव आणि आडनाव, एकेक अक्षर सुटं, पूर्ण लिहिलं. त्याखाली, कुणी सांगितलं नव्हतं तरी, लिहिलं: ‘भट्टीचालक’.

सही झाल्यावर बाईंनी हात पुढे केला. पण काकांनी कागद लगेच दिला नाही. शाई ओली होती. दोन्ही हातांनी तो आडवा धरून ते गॅलरीतल्या उजेडात उभे राहिले, आणि शाई वाळेपर्यंत बाईही रिकामा पेला धरून तिथेच उभ्या राहिल्या.